सकाळी बरोबर, दुपारी चार अंश आत: मायक्रोफोन ॲरेचा कोन उन्हाळ्यात का सरकतो आणि तो कायमचा कसा बसवायचा

तक्रार दर उन्हाळ्यात येते आणि जवळपास शब्दाला शब्द तीच असते. केळीच्या बागेत रानडुकरं कुठल्या बाजूने घुसतात हे आवाजावरून कळावं म्हणून बांधावर आठ मायक्रोफोनची सरळ पट्टी लावलेली असते. हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास चाचणी घेतली तेव्हा कोन अगदी बरोबर येत होता. एप्रिल उजाडला की तीच पट्टी, तोच प्रोग्राम, तोच स्पीकर, पण ६० अंशांवरचा आवाज ५६ वर दिसायला लागतो. रात्री बराचसा सुधारतो, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मग कोणीतरी प्रोग्रामात एक गुणक टाकून दुपारचा कोन बसवतो. आठवडाभर समाधान असतं. पुढे रात्रीचे कोन बाहेरच्या बाजूला पळतात आणि डिसेंबरच्या पहाटे तर स्क्रीनवर कोनाऐवजी ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’, असं उमटतं.

रावेर-यावल पट्ट्यातून, चोपड्याकडून, शिरपूरकडून शेवटच्या वर्षाची मुलं असे प्रकल्प करतात, आणि काही शेतकऱ्यांची मुलं तर स्वतःच्या मळ्यासाठीच करतात. चार अंश म्हणजे किरकोळ, असं कोणाला वाटेल. शंभर मीटरवर चार अंश म्हणजे साधारण सात मीटर. खोडं पाच-पाच फुटांवर असतील तर चार ओळी पलीकडे. बॅटरी घेऊन धावणारा माणूस भलत्याच सरीत शिरतो. त्यात दोन पट्ट्यांच्या कोनांवरून जागा काढत असाल तर दोन्हीकडची चूक एकत्र येते आणि ठिपका शेजाऱ्याच्या शेतात पडतो.

या समस्येवर मी पाहिलेले उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी केलेले असतात. अल्गोरिदम बदलतात, सरासरीची लांबी वाढवतात, मायक्रोफोन नवे मागवतात. कारण उघड आहे: नुसत्या कोनाकडे पाहिलं तर चार-पाच वेगवेगळे दोष सारखेच दिसतात. म्हणून आधी कोनाकडे बघणं सोडायचं.

कोन नको, साइन मांडा

सरळ रेषेत समान अंतरावर मायक्रोफोन असतील आणि आवाज दुरून येत असेल, तर शेजारच्या दोन मायक्रोफोनमधला उशीर म्हणजे अंतर गुणिले कोनाची साइन, भागिले ध्वनीचा वेग. कोन इथे पट्टीच्या काटकोनातल्या दिशेपासून मोजलेला: अगदी समोरचा आवाज शून्य अंश, पट्टीच्या रेषेतला नव्वद. प्रोग्राम उशीर मोजतो आणि हेच गणित उलटं करतो.

आता यात चूक कशी शिरू शकते ते बघा. वेग किंवा अंतर चुकीचं धरलं असेल तर साइनला एक चुकीची संख्या गुणली जाते. एखादा चॅनेल, म्हणजे एका मायक्रोफोनची नोंद, वेळेत मागे-पुढे असेल तर साइनमध्ये एक चुकीची संख्या मिळवली जाते. गुणाकार आणि बेरीज. कोनाच्या आलेखात दोन्ही वाकडी वळणं होऊन मिसळतात. साइनच्या आलेखात मात्र सरळ रेषा येते: गुणाकाराने तिचा उतार बदलतो, बेरजेने ती वर-खाली सरकते.

ही चाचणी करायला कोनमापकही लागत नाही. खळं किंवा मोकळं रान बघा, भिंत-पत्रा जवळ नको. पट्टीच्या मध्यापासून १० मीटरची न ताणणारी दोरी घ्या. पट्टीला समांतर मोजलेलं आडवं अंतर भागिले दोरीची लांबी म्हणजेच साइन. तेव्हा मध्यरेषेपासून ०, ३, ५, ७ आणि ९ मीटर आडवं, दोन्ही बाजूंना, दोरी ताठ ठेवून खुणा करा. झाल्या तुमच्या ०, ०.३, ०.५, ०.७, ०.९ या साइन. प्रत्येक खुणेवर स्पीकर पट्टीच्याच उंचीवर धरा आणि मोजलेली साइन लिहा. आडव्या अक्षावर खरी साइन, उभ्या अक्षावर मोजलेली.

उंचीचा आग्रह उगाच नाही. सरळ पट्टीला उंची कळतच नाही. आवाज वरून आला की साइनला उंचीच्या कोनाची कोसाइन गुणली जाते. १६ अंश वरून येणारा आवाज रेषेचा उतार जवळजवळ ४५ अंश सेल्सियसच्या उन्हाइतकाच कमी करतो (ऊन तो कसा कमी करतं ते पुढे येईल). स्पीकर गच्चीवर ठेवून चाचणी घ्याल आणि दोष हवेला द्याल, किंवा उलट.

१० मीटर का, तर पट्टीच्या फार जवळून येणारी लहर सपाट नसते, वाकडी असते. पट्टीच्या लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी, इतकं अंतर तरी हवं. चार-चार सेंटिमीटरवर आठ मायक्रोफोन म्हणजे लांबी २८ सेंटिमीटर. ३००० हर्ट्झला हे अंतर दीड मीटरच्या आतच येतं, त्यामुळे १० मीटर भरपूर झाले. पण कोणी दोन मीटरची पट्टी केली असेल तर हाच हिशेब ७० मीटरवर जातो, तिथे खळं पुरणार नाही.

उतार १ पेक्षा कमी: दुपारचा खरा दोष

दुपारी सरकून रात्री सुधारणारा कोन असेल तर रेषा शून्यातून जाते पण उतार कमी भरतो. समोरचा आवाज बरोबर, बाजूचा चुकीचा, आणि जितका बाजूला तितका जास्त चुकीचा. हे दिसलं की प्रोग्राममधली ३४३ ही संख्या शोधा. ती कुठे ना कुठे सापडेलच.

३४३ मीटर प्रति सेकंद हा २० अंश सेल्सियसला असलेल्या हवेतला ध्वनीचा वेग आहे. पाठ्यपुस्तकं, तयार लायब्ररी, इंटरनेटवरची उदाहरणं सगळीकडे तोच असतो, आणि थंड देशात तो वर्षभर बऱ्यापैकी चालूनही जातो. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हिवाळ्यात पहाटे दहाच्या खाली येतो. वेग तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो: २०.०५ गुणिले (तापमान अधिक २७३.१५) चं वर्गमूळ. ८ अंशांना ३३६.२, २० ला ३४३.३, २८ ला ३४८, ४५ ला ३५७.६ मीटर प्रति सेकंद. पहाटेच्या थंडीपासून भर उन्हापर्यंत सहा टक्क्यांहून जास्त फरक.

३४३ भागिले ३५७.६ म्हणजे ०.९५९. हाच तुमचा दुपारचा उतार. ३० अंशांचा आवाज २८.७ वर दिसतो, म्हणजे फरक लक्षातही येत नाही. ६० चा ५६ वर येतो. ८० चा ७१ वर. नऊ अंश! थंडीत उलटं होतं. ८ अंश सेल्सियसला उतार १.०२, ६० चा आवाज ६२ वर, आणि ८० अंशांचा आवाज आला की साइन १.००५ भरते. एकापेक्षा मोठ्या साइनला कोन नसतो, म्हणून ‘नॅन’. पुष्कळ जण तिथे एकावर छाटणारी ओळ टाकून मोकळे होतात. ती ओळ काढून टाका. साइन एकाच्या वर गेली ही त्या यंत्राने दिलेली सर्वांत स्पष्ट साक्ष असते. किती वेळा आणि किती वर गेली ते नोंदवा.

दुपारी टाकलेला तो गुणकही इथेच समजतो. मे महिन्याच्या दुपारी १.०४२५ ने गुणून कोन बसवला, तो त्या तासापुरता खरा आहे. मध्यरात्री हवा २८ अंशांवर आली की उतार १.०२८ होतो आणि कोन बाहेर फेकला जातो. जनावरं तर रात्रीच येतात. डिसेंबरच्या पहाटे तोच गुणक थंडीच्या चुकीवर चढतो, उतार १.०६ च्या वर जातो, आणि ७० अंशांच्या पलीकडचं सगळं ‘नॅन’. समस्या परत परत येते ती या उपायामुळेच. गुणक कायमचा नको, तापमान हवं.

तापमापक साधा चालतो. डीएस१८बी२० हा सेन्सर −१० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाच्या आत अचूक असतो. अर्ध्या अंशाने वेगात एक हजारांश इतकाही फरक पडत नाही. महत्त्वाची आहे ती जागा. इलेक्ट्रॉनिक्सच्या बंद डब्यात ठेवला तर तो डब्याचं तापमान सांगेल, आणि वैशाखाच्या उन्हात तो डबा हवेपेक्षा कितीतरी तापलेला असतो. मग चूक उलट्या दिशेने जाते, वेग जास्त धरला जातो. सेन्सर सावलीत, हवा खेळती, मायक्रोफोनच्याच उंचीवर. वर एक पांढरी ताटली उलटी टांगली तरी काम होतं. मातीलगत नको, दुपारी जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा बरीच गरम असते.

सूत्राबद्दल एक सूचना. ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान हे सोपं सूत्र बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं. साध्या हवामानात ते उत्तम आहे, पण ४५ अंशांना ते जवळपास एक मीटर प्रति सेकंद जास्त देतं. युरोपात कोणाला याचं काही वाटणार नाही, खानदेशात वाटायला हवं. वर्गमुळाचं सूत्र वापरा. आजच्या कुठल्याही मायक्रोकंट्रोलरला एक वर्गमूळ जड नाही.

दमट हवेने वेग किंचित वाढतो, पावसाळ्यातही तो परिणाम एक टक्क्याच्या आत राहतो. पट्टी पीव्हीसी पाइपची असेल तर ती उन्हात वाढते का? वाढते, पण ३५ अंशांच्या फरकाला पाव टक्का वगैरे. या दोन्हींच्या मागे लागू नका. उतार तापमानाने समजावला जात नसेल तर मात्र अंतर पुन्हा मोजा, आणि मोजताना बोर्डाच्या कडेपासून मोजू नका. आवाज आत शिरतो ते मायक्रोफोनचं भोक, त्या भोकापासून पुढच्या भोकापर्यंत.

तापमापक नसला तरी पट्टी स्वतःच वेग मोजून देते. पट्टीच्या अगदी रेषेत, एका टोकाच्या बाहेर काही मीटरवर उभं राहून टाळी वाजवा किंवा दोन लाकडं आपटा. पहिल्यापासून शेवटच्या मायक्रोफोनपर्यंतचा उशीर मोजा. २८ सेंटिमीटर भागिले तो उशीर म्हणजे त्या क्षणीचा वेग. ३४३ ला हा उशीर ८१६ मायक्रोसेकंद असतो, ४५ अंशांच्या दुपारी ७८३. फरक ३३ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नोंदी, म्हणजे नमुने) दीड नमुन्याच्या आसपास. म्हणून नुसता क्रॉस-कोरिलेशनचा (दोन नोंदी एकमेकींवर सरकवून केलेल्या जुळवणीचा) सर्वांत उंच नमुना घेऊन भागणार नाही. शिखराच्या तीन बिंदूंतून परवलय बसवून नमुन्याच्या अंशापर्यंत जावं लागतं. दहा-बारा टाळ्यांचा मध्यक घ्या.

रेषा सरळ, पण शून्यातून जात नाही

हा उन्हाचा दोष नाही. समोर उभं राहून वाजवलेली टाळी शून्याऐवजी दुसराच कोन दाखवत असेल तर चॅनेलच्या वेळा जुळत नाहीत. समोरच्या आवाजाचा उशीरच शून्य असतो, त्यामुळे तिथे तापमानाला करायला काही उरत नाही.

सर्वांत ठळक उदाहरण अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचं. त्यात एकच एडीसी (विजेच्या दाबाचे आकडे करणारा भाग) आहे आणि ती पाळीपाळीने एकेक पिन वाचते. नेहमीच्या मांडणीत एका रूपांतराला १०४ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात ध्वनी ३.६ सेंटिमीटर पुढे जातो! मायक्रोफोन ४ सेंटिमीटरवर असतील तर साइनमध्ये फुकटची ०.८९ ची भर पडते, आणि बरोबर समोरचा आवाज ६३ अंशांवर दिसतो. ही भर ठरलेली असल्यामुळे गणितातून वजा करता येते, पण इतक्या मंद एडीसीवर आठ मायक्रोफोन चालवणं मुळातच चुकीचं आहे: एकेका चॅनेलच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम १२०० नमुने येतात, म्हणजे ६०० हर्ट्झच्या वरचं काहीच धड मिळत नाही.

आय२एसचे (आवाजाचे आकडेच थेट पाठवणारे) डिजिटल मायक्रोफोन घेतले की हे जातं, पण दुसरं येतं. मूळ ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये आय२एसचे दोन भाग आहेत, एकेकावर दोन मायक्रोफोन. दोन्ही भाग एकाच क्षणी सुरू झाले नाहीत तर दुसरी जोडी एक-दोन नमुन्यांनी मागे राहते. १६ किलोहर्ट्झला एक नमुना म्हणजे ६२.५ मायक्रोसेकंद, हवेत २.१ सेंटिमीटर. पहिल्या आणि तिसऱ्या मायक्रोफोनमध्ये ८ सेंटिमीटर असतील तर साइन ०.२७ ने चुकते, समोरचा आवाज १५ अंशांवर. ‘सर, लाइट गेली आणि आली की कोन बदलतो’ ही तक्रार ऐकली की मी दुसरं काही विचारत नाही, आय२एसचे दोन भाग कसे सुरू केलेत तेवढंच विचारतो. आमच्याकडे लाइट जाण्याला तोटा नाही, त्यामुळे हा दोष लवकर उघडा पडतो.

पक्का उपाय म्हणजे सगळे मायक्रोफोन एकाच घड्याळावर आणि एकाच चौकटीत. टीडीएम पद्धतीचे (एकाच तारेवर पाळीपाळीने आकडे पाठवणारे) मायक्रोफोन साखळीत जोडता येतात. आयसीएस-५२००० हा त्यातला, एका तारेवर सोळापर्यंत. ते जमत नसेल तर दर वेळी यंत्र सुरू झाल्यावर समोरच्या खांबावर काही मीटर दूर लावलेला बझर वाजवायचा, जोड्यांमधला फरक मोजायचा आणि पुढे वजा करत राहायचा. तो बझर बरोबर मध्यरेषेवर हवा, तरच त्याची दुरुस्ती उन्हाथंडीत बदलत नाही.

रेषा मध्येच तुटून दुसऱ्या बाजूला उडी मारते

मायक्रोफोन फार लांब-लांब लावले आहेत. दोघांतलं अंतर तरंगलांबीच्या निम्म्यापेक्षा जास्त झालं की एकाच उशिराला दोन-दोन दिशा लागू पडतात. ४ सेंटिमीटरला ही मर्यादा ४३०० हर्ट्झच्या आसपास आहे. १० सेंटिमीटरला १७०० वर. १० सेंटिमीटरच्या पट्टीवर ३००० हर्ट्झचा आवाज उजवीकडून ३० अंशांनी आला तर तो डावीकडे ४० अंशांवरही तितकाच जोरात दिसतो. डुकराचा हुंकार कमी वारंवारतेचा असतो, तिथे अडचण नाही. वाळलेल्या केळीच्या पानांची सळसळ मात्र वरच्या वारंवारतांनी भरलेली असते आणि अशी खोट्या दिशांची भुतं तीच उठवते.

मायक्रोफोन जवळ आणणं किंवा मर्यादेच्या वरचा पट्टा गाळून टाकणं हे दोन उपाय आहेत. तिसरा मला जास्त आवडतो. खरी दिशा सगळ्या वारंवारतांना एकच राहते, भुताची दिशा वारंवारतेबरोबर सरकते. तेव्हा रुंद पट्ट्यातल्या अनेक वारंवारतांची उत्तरं एकावर एक बेरीज केली की खरी दिशा उंच होते आणि भूत पसरून फिकं पडतं. १९७६ साली नॅप आणि कार्टर यांनी मांडलेली जीसीसी पद्धत (दोन मायक्रोफोनच्या नोंदी जुळवून उशीर काढण्याची), तिचं ‘फॅट’ रूप, हेच करते आणि ती अजूनही या कामाला पहिली निवड आहे. उन्हाचा इथे उलट फायदाच होतो: वेग वाढला की तरंगलांबी वाढते, ४ सेंटिमीटरची मर्यादा दुपारी ४४०० च्या वर जाते.

बिंदू रेषेवर बसतच नाहीत

जवळ पत्र्याचं शेड, विहिरीची भिंत, पंपघर. मूळ आवाज आणि त्याचा पडसाद हे एकाच आवाजाचे दोन तुकडे असल्याने पट्टीला ते वेगळे करता येत नाहीत. दिशा काढण्याची ‘म्युझिक’ नावाची गणिती पद्धत वापरणाऱ्यांना हे जास्त भोवतं. स्वतंत्र स्रोत असतील तर ती पद्धत साध्या बीमपेक्षा (उशीर जुळवून सगळ्या मायक्रोफोनची बेरीज करून एका दिशेला रोखलेला कान) कितीतरी बारीक दिशा दाखवते, पण पडसादासारखे पूर्ण जुळलेले संकेत आले की तिचा पायाच खचतो. त्यावरचा उपाय, म्हणजे पट्टीचे एकमेकांवर चढणारे तुकडे करून त्यांची सरासरी घेणं, शान, वॅक्स आणि थॉमस कैलाथ यांनी १९८५ च्या शोधनिबंधात मांडला. कैलाथ यांचा जन्म पुण्याचा, इंजिनिअरिंगही पुण्याचंच. रॉय आणि कैलाथ यांची एस्प्रिट पद्धतही याच घराण्यातली. आपल्या मुलांनी या पद्धती वापरताना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पण या उपायाची किंमत असते. आठ मायक्रोफोनचे पाच-पाचचे चार तुकडे केले की बीम पाच मायक्रोफोनचाच उरतो. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर आठांचा बीम समोर सुमारे १३ अंश रुंद असतो, पाचांचा २०. शक्य असेल तर पट्टीच शेडपासून लांब न्या. जमिनीवरून येणाऱ्या पडसादाची मात्र फार चिंता नको. पट्टी आडवी असताना जमिनीचा पडसाद जवळजवळ त्याच आडव्या दिशेने येतो. भिंत दिशा बदलते, जमीन फारशी नाही.

दुपारी बिंदू विखुरतात आणि रात्री एका रेषेत येतात, असंही दिसतं. त्यात पडसादाचा दोष नसतो. तापलेल्या जमिनीवर हवा खाली गरम, वर थंड. ध्वनी वरच्या बाजूला वाकतो आणि लांबचा आवाज पट्टीच्या डोक्यावरून निघून जातो. रात्री हवेचे थर उलटे लागतात, ध्वनी खाली वाकतो. भुसावळच्या यार्डातल्या गाड्यांचे भोंगे रात्री लांबच्या गावांत ऐकू येतात ते यामुळेच. म्हणून मे महिन्याच्या दुपारी दोनशे मीटरवरून चाचणी घेऊ नका. दोरीच्या १० मीटरवर घ्या, पट्टी जमिनीपासून मीटरभर तरी उंच ठेवा.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, तसल्या वाऱ्याच्या जागी आणखी एक प्रकार दिसतो: रेषा शून्यापाशी वाकते, एका बाजूला उतार जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. वारा पट्टीच्या रेषेत वाहतोय. वाऱ्याबरोबर येणारा आवाज जलद, वाऱ्याविरुद्ध येणारा मंद. १० मीटर प्रति सेकंदाचा वारा पट्टीच्या टोकांकडे दोन्ही बाजूंना अडीच-तीन टक्के फरक पाडतो. दोन्ही बाजूंच्या उतारांची सरासरी तापमानाशी जुळली तर पट्टीत दोष नाही, वारा पडल्यावर पुन्हा मोजा. फोमच्या टोप्या तर हव्यातच.

बीमचा आवाजच बारीक होत असेल तर

काही जण दिशा शोधून थांबत नाहीत, त्या दिशेचा आवाज उचलून रेकॉर्डही करतात, आणि त्यासाठी एमव्हीडीआर, म्हणजे केपन यांची १९६९ ची पद्धत वापरतात. त्यांची दुपारची तक्रार वेगळी: कोन ठीक वाटतो, पण हवा तोच आवाज दबतो. ही पद्धत सांगितलेल्या दिशेचा आवाज राखते आणि बाकी सगळं मारते. तुम्ही ३४३ धरून ६० अंश सांगितले, आवाज मात्र पट्टीच्या हिशेबाने ५६ वरून येतोय. मग तिच्या दृष्टीने तो परका, आणि आवाज जितका स्वच्छ आणि मोठा तितका ती तो जास्त निर्दयपणे मारते. साधा उशीर-आणि-बेरीज बीम इतका हळवा नाही, त्याचा १३ अंशांचा रुंद बीम चार अंश सहज पोटात घालतो. तेव्हा आधी वेग दुरुस्त करा. त्यानंतर सहप्रसरण मॅट्रिक्सच्या (कोणते दोन मायक्रोफोन किती जुळतात याचा तक्ता) कर्णावर एक छोटी संख्या मिळवा, म्हणजे राहिलेल्या बारीक चुकांना ती इतकी टोकाची वागणार नाही. क्रम उलटा केला तर मिळवायची संख्या वाढवत न्यावी लागते आणि शेवटी एमव्हीडीआर साध्या बीमसारखीच वागायला लागते.

पुढचा आवाज मागे आणि मागचा पुढे दिसतो अशीही पत्रं येतात. सरळ पट्टीला पुढे-मागे कळत नाही, कधीच कळणार नाही. हा दोष नाही, भूमिती आहे. काटकोनात दुसरी पट्टी लावा, किंवा पट्टी बांधावर अशी लावा की मागची बाजू रस्त्याची असेल आणि तिकडून काही येणारच नसेल.

अँटेनाच्या पट्टीवर काम करणाऱ्यांना हीच साइनची चाचणी जशीच्या तशी लागू पडते, फक्त संशयित बदलतात. रेडिओलहरींचा हवेतला वेग उन्हाने जाणवण्याइतका बदलत नाही, त्यामुळे उतार चुकला तर अंतर किंवा शेजारच्या अँटेनांचा एकमेकींवरचा परिणाम तपासा. रेषा वर-खाली सरकली तर केबल मोजा. ४३३ मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबलमधली तरंगलांबी ४६ सेंटिमीटरच्या जवळपास. एक सेंटिमीटर केबल कमी-जास्त झाली की कला (फेज, म्हणजे लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) आठ अंशांनी बदलते आणि अर्ध्या तरंगलांबीच्या जोडीत समोरची दिशा अडीच अंश सरकते. वेगवेगळ्या घड्याळांवर चालणारे दोन-तीन आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचे रेडिओ रिसीव्हर) जोडले असतील तर रेषा दर वेळी नवीनच येईल. तिथे केबल कापत बसू नका, घड्याळ एक करा.

आता मागच्या उन्हाळ्याच्या नोंदींचं काय करायचं, हे पुष्कळ जण विचारतात. पुढच्या वेळेपासून कोन साठवू नका, उशीर आणि त्या क्षणीचं तापमान साठवा. पण ज्यांच्याकडे फक्त कोन आहेत त्यांचंही काम वाया गेलेलं नाही. नोंदीतल्या कोनाची साइन घ्या, प्रोग्रामात गुणक टाकलेला असेल तर त्याने भागा, त्या तासाच्या तापमानावरून खरा वेग काढा, साइनला खऱ्या वेगाने गुणून ३४३ ने भागा आणि परत कोन करा. ४५ अंशांच्या दुपारचा ५६ पुन्हा ६० च्या अर्ध्या अंशाच्या आत येतो. एकावर छाटलेल्या नोंदी मात्र परत मिळत नाहीत, त्या वेगळ्या काढून ठेवा.